परसबागेचा आराखडा

घरामागील मोकळ्या जागेस परस म्हणतात आणि तेथे केलेल्या बागेस परसबाग. पहिला पाऊस पडला, की बाजारात रोपे येतात व दिसेल ते रोप घरी न्यावेसे वाटते. परंतु भाजीचा वाफा एका हंगामाचा असतो. आंबा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा सोबती. तो भिंतीलगत लावला, तर पुढे ऐन फळास आलेल्या झाडावरच कुऱ्हाड चालविण्याचा प्रसंग येतो. म्हणून मुलांनो, वैशाखातच कागद, पेन्सिल व मोजपट्टी घेऊन परसात उतरावे.

घर, विहीर, कुंपण व जुनी झाडे प्रथम कागदावर काढावीत. मग ऊन पाहावे. येथे भलेभले फसतात. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो व भिंतीची सावली तिच्या पायाशीच राहते. त्यामुळे घराच्या उत्तरेकडील जागा लख्ख उन्हाची वाटते. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि ३ मीटर उंच भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेस सुमारे २.७ मीटर पडते. मे महिन्यातील उन्हावर विसंबून तेथे हिवाळी वांगी, टोमॅटो लावाल, तर रोपे नुसती उंच व किडकिडीत वाढतील, आणि फळे बेताचीच धरतील. अशा जागी आले, हळद किंवा अळू लावावा. न्हाणीचे पाणी जिकडे वाहते तिकडे केळ लावण्याची आपल्याकडील जुनी रीत आहे व ती शहाणपणाची आहे.

आता नवी झाडे. पूर्ण वाढलेले झाड जेवढी जागा व्यापील, तेवढे वर्तुळ आराखड्यात काढावे. दोन आंब्यांत सुमारे १० मीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. पेरूंत ६ मीटर पुरतात. लहान परसात आंब्याचा हट्ट नसावा, असे माझे मत आहे. आंब्यासाठी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी १ मीटर असा खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा, आणि पावसाळ्यापूर्वी चांगली माती व कुजलेले शेणखत घालून भरावा. कलम लावताना त्याचा जोड मातीखाली जाऊ देऊ नये.

पपईची गोष्ट मात्र गमतीची! तिची नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात आणि फुले येईपर्यंत ती ओळखू येत नाहीत. म्हणून एका जागी दोन-तीन रोपे लावतात व फुलल्यावर जादा नर झाडे काढून टाकतात. परागीभवनासाठी बागेत एखादे नर झाड राखावे लागते.

इतके झाल्यावर पाण्याचा हिशेब करावा. कोवळ्या फळझाडास पहिली दोन-तीन वर्षे तरी उन्हाळ्यात हाताने पाणी घालावे लागते. भर वैशाखात घरच्या माणसांना पुरून विहिरीत किती घागरी उरतात आणि त्या वाहून नेण्यास कितीजण तयार आहेत, हे घरात सर्वांना विचारावे. तेवढ्या पाण्यात जगतील तितकीच वर्तुळे आराखड्यावर ठेवून बाकीची खोडरबराने पुसून टाकावीत.