शाळेच्या वेळीच पोट का दुखते?

जून महिना लागला की दवाखान्यात एक ठराविक तक्रार येते. "डॉक्टर, पोराचं पोट रोज सकाळी दुखतं. शाळा बुडाली की बरं वाटतं. रविवारी तर दुखतच नाही." मूल साडेतीन-चार वर्षांचे, नुकतेच बालवाडीत घातलेले. घरच्यांचे निदान झालेलेच असते : "नुसती नाटकं!"

पण हे नाटक नव्हे. पोट खरोखरच दुखते. भीती वाटली की ॲड्रिनॅलिन हे द्रव्य रक्तात उतरते, छाती धडधडते, आतड्यांची नेहमीची हालचाल बिघडते आणि बेंबीभोवती कळ येते. कोर्टाच्या तारखेला मोठ्या माणसालाही दोनदा संडासला जावे लागतेच की! फरक एवढाच, की आपण "धास्ती वाटते" असे सांगू शकतो. चार वर्षांच्या मुलाकडे तो शब्द नसतो, म्हणून त्याचे पोट बोलते.

मात्र प्रत्येक पोटदुखी भीतीचीच, असे मानू नये. दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, ताप, वारंवार उलटी, शौचावाटे रक्त, लघवीला जळजळ, वजन घटणे यांपैकी काही असेल किंवा पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखत असेल, तर लगेच तपासून घ्यावे. आणखी एक कारण सहज निसटते. शाळेतला संडास अस्वच्छ असतो किंवा बाईंना विचारायची भीती वाटते, म्हणून मूल शौच दाबून ठेवते. त्याने बद्धकोष्ठता होते आणि पोट दुखते.

तपासणीत काही निघाले नाही, तर औषधाची बाटली मागू नका. पुढील गोष्टी करा.

१) मुलाचे लक्ष चुकवून शाळेतून निसटू नका. त्याने रडणे वाढते, कारण आई केव्हाही नाहीशी होऊ शकते असे मूल शिकते. "खाऊ खाऊन झाला, की आजी न्यायला येईल," असे त्याला कळेल अशा भाषेत सांगा. आणि सांगितलेली वेळ पाळा.

२) भावनेला नाव द्या. "रडू नकोस" याऐवजी "आई गेली म्हणून वाईट वाटलं ना?" असे म्हणा. राग, भीती, हेवा, कंटाळा हे शब्द मुलाला रंगांच्या नावांसारखेच शिकवावे लागतात. शब्द सापडला, की चावणे, आपटणे हळूहळू कमी होते. भावना आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. चार वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा किती करायची?

३) बागुलबुवा, पोलीस आणि "डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी बंद करा. सुई म्हणजे शिक्षा असे वाटणारे मूल खरे दुखणे लपवते. "मुलगा असून रडतोस?" हेही नको.

बालवाडीतील ताईंनाही विनंती. पहिल्या आठवड्यात वेळ थोडा ठेवा, आईला थोडा वेळ बसू द्या, घरची एखादी आवडती वस्तू जवळ राहू द्या. रडणाऱ्या मुलाला कोपऱ्यात उभे करू नका. हे काही परदेशी फॅड नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी ते वाढवले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात, गुरे चरतात त्या कुरणात नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ या वयात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तरीही आपण तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन वह्या भरून घेतो, त्याला काय म्हणावे?

बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात. पण रुळलेले मूल अचानक शाळेला घाबरू लागले, पुन्हा अंथरुणात शू करू लागले, एखाद्या ठरावीक माणसाला पाहून आक्रसू लागले, तर दटावू नका. जवळ घेऊन शांतपणे ऐका आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. गैरप्रकाराची शंका आली, तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करा. घराण्याच्या अब्रूचा विचार तेव्हा बाजूला ठेवावा.

आपण मुलाचा डबा रोज उघडून पाहतो. त्याबरोबर दिवसातून एकदा एवढेच विचारावे : "आज कशाची मजा वाटली? कशाची भीती वाटली?" उत्तर मिळेपर्यंत मात्र हातातला मोबाईल खाली ठेवावा.