विश्रांती घेऊन निघालेली गाडी

अकरावीच्या फिजिक्सची सात गणितं, कागलमधला एक शनिवार आणि बारा वर्षांनी पुन्हा भेटलेली एक जुनी भीती...

विकेंडला तुम्ही काय करता? मूव्ही, मॉल, ग्रुपबरोबर लोणावळा, नाहीतर सरळ दुपारी बारापर्यंत ताणून देणं. बरोबर? मी मध्यंतरी एका विकेंडला अकरावीच्या फिजिक्सची गणितं सोडवली. हो, अकरावीच्या! आणि कुणी कान धरून बसवलेलं नसताना!

झालं असं, की मी मामाकडे कागलला गेले होते. पुण्याहून निघून बंगलोर हायवेने कोल्हापूर मागे टाकलं, की वीसेक किलोमीटरवर कागल. मामाने उभं आयुष्य याच हायवेवर ट्रक चालवला. मामीच्या हातचं खायचं आणि झोपायचं, एवढाच माझा प्लॅन होता. पण संध्याकाळी मामेबहीण सोप्यात वही उघडून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा भाव मला लगेच ओळखू आला. बारा वर्षांपूर्वी तो मी रोज आरशात बघत होते.

"ताई, मी सायन्स सोडतो," ती हळूच म्हणाली. (आमच्या कोल्हापूरकडे मुलीसुद्धा 'मी येतो, मी जातो'च म्हणतात!) "आर्ट्सला बदलून मिळतंय, अजून आठ दिवस आहेत. पप्पांना तेवढं तू सांग."

आता माझी गोची. कारण मीही बारावीनंतर सायन्सला रामराम ठोकला होता. आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले, की माझा पिंडच क्रिएटिव्ह, म्हणून मास कॉम केलं. खरं कारण वेगळंच होतं. मला फिजिक्सची गणितं यायची नाहीत आणि 'येत नाहीत' हे म्हणायची लाज वाटायची. थिअरी पाठ करून मी पास झाले. गणितांची वही मात्र दोन वर्षं मैत्रिणीच्या वहीवरून उतरवली.

हिच्याकडे तर उतरवण्याचीही गरज नव्हती. सोमवारी द्यायच्या सातही गणितांची उत्तरं, स्टेप्ससकट, मोबाइलवर येऊन पडली होती. गणिताचा फोटो काढायचा, की काही सेकंदांत उत्तर हजर. "उत्तरं आलीत गं," ती म्हणाली, "पण मला कुठं आलीत?"

त्या वाक्यावर माझी झोप उडाली. म्हटलं, चल, बघू या.

भाषेचा घाट

पहिल्याच गणितात इंग्रजीत लिहिलं होतं, 'अ कार स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट'. म्हटलं, याचा अर्थ सांग. ती म्हणाली, "गाडी विश्रांती घेऊन निघाली."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मामी बघायला आली, काय झालं म्हणून. पण हसू ओसरल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मुलगी दहावीपर्यंत मराठी मीडियमला. त्वरण, संवेग, घर्षण, विराम अवस्था हे सगळे शब्द तिला पक्के ठाऊक. दहावीला विज्ञानात मार्कही चांगले. अकरावीत एका रात्रीत त्वरणाचं ॲक्सिलरेशन झालं, संवेगाचं मोमेंटम आणि घर्षणाचं फ्रिक्शन. पोरगी हुशारच होती, फक्त ओळखीच्या माणसांनी अनोळखी कपडे घातले होते.

आणि फिजिक्सच्या गणितातलं इंग्रजी हे साधं इंग्रजीही नसतं बरं का! ती एक सांकेतिक भाषा आहे. आम्ही वहीच्या मागच्या पानावर तिची डिक्शनरीच केली. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. 'स्मूथ' म्हणजे गुळगुळीत नाही, तर घर्षण शून्य धरा. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे दोरीचं वजन विसरा. 'इनएक्स्टेन्सिबल' म्हणजे दोरी ताणली जाणार नाही, म्हणून दोन्ही टोकांचं त्वरण सारखं. 'कॉन्स्टंट व्हेलॉसिटी' दिसलं, की समजायचं, सगळी बलं एकमेकांना काटून एकूण बल शून्य.

म्हणजे निम्मी माहिती आकड्यांत नसतेच, ती अशा शब्दांत दडलेली असते. मी अकरावीत हे शब्द ओलांडून थेट आकड्यांवर उडी मारायचे आणि मग कोणत्या सूत्रात ते कोंबायचे, हे शोधत बसायचे. बारा वर्षांनी कळलं, की मला गणित येत नव्हतं असं नाही; मी ते वाचतच नव्हते.

आधी चित्र, मग सूत्र

तिसरं गणित हायवेचंच होतं. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे, टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षण गुणांक ०.५, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल? (जी १० धरा.)

तिने सूत्र शोधलं, ७२ चा वर्ग केला, भागिले १०. उत्तर ५१८.४. खाली दोन रेघा मारून मोकळी!

मी म्हटलं, "५१८ काय?"

"मीटर."

"म्हणजे कागलच्या स्टँडसमोर ब्रेक दाबला, तर गाडी अर्धा किलोमीटर पुढे जाऊन थांबणार?"

तिने स्वतःच जीभ चावली. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे राहिले होते. ७२ चे झाले २०. २० चा वर्ग ४००, भागिले १०, उत्तर ४० मीटर. आता कसं, पटण्यासारखं!

ही चूक फक्त अकरावीची पोरं करतात असं समजू नका. १९९९ साली नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोचून गमावलं. एका टीमच्या सॉफ्टवेअरने आकडे पौंडाच्या हिशेबात दिले आणि दुसऱ्या टीमने ते न्यूटनच्या हिशेबात आहेत असं धरलं. एकक लिहा, एकक लिहा म्हणून सर का ओरडायचे, कळलं?

पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. मी तिला सूत्र झाकायला लावलं आणि फक्त चित्र काढायला सांगितलं. गाडी म्हणजे एक चौकोन. त्याला कोण कोण ढकलतंय? पृथ्वी खाली ओढते, रस्ता वर उचलतो आणि घर्षण मागे खेचतं. तीन बाण. बस्स. वजन आणि रस्त्याचा आधार एकमेकांना काटतात, उरतं घर्षण. घर्षण म्हणजे गुणांक गुणिले वस्तुमान गुणिले जी. ते बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. दोन्हीकडचं वस्तुमान गेलं! मंदावण्याचा दर ५. पाठ केलेलं सूत्र कुठून येतं, ते तिला पहिल्यांदा समोर दिसलं.

यावर एक गाजलेला अभ्यास आहे. १९८१ साली अमेरिकेत मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर या संशोधकांनी फिजिक्सची गणितं लिहिलेली कार्डं दोन गटांना दिली आणि सारखी वाटतील ती एकत्र ठेवायला सांगितली. नवख्या विद्यार्थ्यांनी उताराची गणितं एका ढिगात ठेवली, स्प्रिंगची दुसऱ्या. जाणकारांनी मात्र ऊर्जा टिकून राहते ती एकीकडे आणि न्यूटनचा दुसरा नियम लागतो ती दुसरीकडे, असे ढीग केले. दिसणं आणि असणं यातला फरक ओळखणं, हेच ते 'येणं'. आपण ऑफिसात नाही का, क्लायंटचा मेल कशाबद्दल आहे आणि तो खरा कशामुळे चिडलाय, हे दोन-चार वर्षांनी ओळखायला लागतो? तसंच.

मामाचा ऑब्जेक्शन

एवढ्यात मामा येऊन टेकला. आम्ही त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की गाडी रिकामी असो की भरलेली, थांबायचं अंतर सारखंच, कारण वस्तुमान कटतं.

"कुणी सांगितलं?" मामा म्हणाला. "ऊस भरल्याली गाडी रिकाम्या गाडीसारखी थांबतीय व्हय? चालवून बघ एकदा."

आम्ही गप्प. वही खरी, की मामाची तीस वर्षं?

उत्तर शोधायला अर्धा तास लागला आणि तोच त्या दिवसाचा बेस्ट अर्धा तास. दोन्ही खरं होतं. गणितात धरलं आहे, की ब्रेक इतके दमदार आहेत की टायर रस्त्याचं सगळं घर्षण वापरतो. छोट्या गाडीत हे बऱ्यापैकी जमतं. भरलेल्या ट्रकला मात्र तेवढं बल लावायचं तर ब्रेकच कमी पडू शकतात, आणि तापले की आणखी ढिले होतात. मग वस्तुमान कटत नाही, चांगलंच नडतं. गणित खोटं नव्हतं. त्याने एक गोष्ट न सांगता धरून ठेवली होती, आणि ती पकडली मामाने.

मग मामाच प्रश्न विचारायला लागला. वेग निम्मा केला तर? ताशी ३६ ला अंतर १० मीटर. म्हणजे वेग दुप्पट, तर अंतर चौपट! आणि ब्रेकवर पाय जायच्या आधीचा वेळ? ताशी ७२ ला एका सेकंदात गाडी २० मीटर पुढे गेलेली असते. ते ४० मध्ये धरलेलंच नाही. बाइकवर सिग्नलच्या अलीकडे एक सेकंद मोबाइलमध्ये डोकावणाऱ्यांनो, हा आकडा जपून ठेवा.

"म्हणून आमी अंतर राखून चालवतो," मामा म्हणाला. "तुमच्या पुस्तकात हाय की सगळं!"

पोरीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, ते मोबाइलवरच्या उत्तराने कधीच आलं नसतं.

फळ्यावर राहिलेलं गणित

रात्री मला जयंत नारळीकर आठवले. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. बालपण गेलं बनारसला, कारण वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात भिंतीवर फळे होते. शिकायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवायचे आणि सुटेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. हाच भाचा पुढे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ झाला आणि १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या 'आयुका'चा संस्थापक संचालक. मे २०२५ मध्ये ते गेले.

या किस्स्यात मला फळा महत्त्वाचा वाटतो. गणित तिथे नुसतं राहायचं. जाता-येता दिसायचं. न सुटणं ही लाज नव्हती, ती गणिताची नेहमीची अवस्था होती! आपल्याकडे न सुटलेल्या गणिताला जागाच नाही. सुटलं तर हुशार, नाही तर 'ढ'. मग पोरं उत्तर डाउनलोड करतील नाही तर काय?

आणि हे कागल आहे. आनंद यादवांचं कागल. शाळेतून काढून शेतीला जुंपलेल्या पोराने शिक्षणासाठी केलेली धडपड त्यांनी 'झोंबी'त लिहिली आणि १९९० साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पोराला वर्गात बसायला मिळावं म्हणून झगडावं लागलं. माझ्या बहिणीला बसायला बाक आहे, बाप पाठीशी आहे, खिशात मोबाइल आहे. तिची झोंबी वहीच्या आत आहे, आणि म्हणूनच ती कुणाला दिसत नाही.

गणिताला भिडताना

(घरात अकरावीचं कुणी असेल, तर हे फ्रिजवर लावा!)

* गणित दोनदा वाचा. दुसऱ्यांदा आपल्या भाषेत मोठ्याने सांगा.
* चित्र काढा. कोण कुणाला ढकलतंय, त्याचे बाण दाखवा.
* काय दिलंय, काय हवंय, ते एककांसकट लिहा.
* सूत्राआधी विचारा, इथे कोणता नियम चाललाय?
* उत्तराला विचारा, तू खरं वाटतोस का?
* अडलात तर उत्तर बघण्याआधी चहा घ्या. गणित कुठे पळून जात नाही.

आणि सोमवारी...

रविवारी रात्रीपर्यंत सातपैकी चार गणितं सुटली. पाचव्यात दोघींचं उत्तर वेगवेगळं आलं आणि दोन्ही चुकीची निघाली. म्हटलं, आता उरलेली मोबाइलवरून उतरवतेस? ती म्हणाली, "नको. कोरी ठेवतो."

सोमवारी तिने वही तशीच दिली. चार गणितं आणि तीन कोरी जागा. सरांनी विचारलं, बाकीची? तर म्हणाली, "बघतोय सर अजून." सर काय म्हणाले, ते तिने सांगितलं नाही. पण आठ दिवस उलटले आणि आर्ट्सचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे काय होईल? मला माहीत नाही. ती सायन्स सोडेलही. पण सोडलंच, तर आवड नाही म्हणून सोडेल, माझ्यासारखी घाबरून नाही.

परवा तिचा मेसेज आला. 'ताई, तुझ्यासाठी गणित. तू ऑफिसच्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहेस. लिफ्ट वर चाललीय आणि सातव्या मजल्यावर थांबायला हळू व्हायला लागलीय. काटा तुझं वजन जास्त दाखवेल का कमी? मोबाइलवर बघायचं नाही.'

मी गेले दोन दिवस लिफ्टमध्ये शिरले, की डोळे मिटून पायांकडे लक्ष देतेय. बरोबरचे लोक विचित्र नजरेने बघतात. काल संध्याकाळी उत्तर सापडलं, चित्रासकट.

ते इथे सांगणार नाही. उद्या तुम्हीही लिफ्टने जाणारच आहात की. तोपर्यंत फळ्यावर राहू दे.