मराठी भाषक विद्यार्थी आणि इंग्रजीतील संभ्रमकारक क्रियापदे

प्रस्तावना : पदवी वर्गातील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात काही क्रियापदांचा गोंधळ वारंवार आढळतो. 'राइझ' व 'रेझ', 'लाय' व 'ले' या जोड्या त्यांपैकी प्रमुख होत. रूपांचे तक्ते पाठ करूनही हा गोंधळ टिकून राहतो. कारण तक्ता रूपे देतो, निवड कशी करावी हे सांगत नाही. प्रस्तुत लेखात मराठी व्याकरणाच्या आधारे या निवडीचा विचार केला आहे.

अकर्मक व सकर्मक : 'राइझ' व 'लाय' ही अकर्मक, तर 'रेझ' व 'ले' ही सकर्मक क्रियापदे होत. त्यांच्यातील नाते मूलतः प्रयोजकतेचे आहे. पडणे-पाडणे, बसणे-बसविणे, वाढणे-वाढविणे या मराठी जोड्यांत हेच नाते दिसते. म्हणजेच ही संकल्पना विद्यार्थ्यास नवी नाही.

प्रत्ययाची कसोटी : वाक्य मराठीत तृतीयपुरुषी भूतकाळात मांडावे. 'किंमत वाढली' येथे कर्ता प्रथमेत आहे, म्हणून 'रोझ'. 'दुकानदाराने किंमत वाढविली' येथे 'ने' आला, म्हणून 'रेझ्ड'. त्याचप्रमाणे 'ती पलंगावर पहुडली' यासाठी 'ले', तर 'तिने बाळाला पलंगावर ठेवले' यासाठी 'लेड'. 'लाय'चे भूतकाळी रूपही 'ले' असेच होते, हे गोंधळाचे एक प्रमुख कारण आहे. 'खोटे बोलणे' या अर्थाच्या 'लाय'चे भूतकाळी रूप मात्र 'लाइड' होते.

मर्यादा : 'मी ठेवले' यात 'ने' दिसत नाही, 'तो धडा शिकला' यात क्रियापद सकर्मक असूनही कर्ता प्रथमेतच राहतो. म्हणून ही कसोटी वरील जोड्यांपुरतीच वापरावी.

दिसणे व पाहणे : 'सी' व 'लुक', 'हिअर' व 'लिसन' यांतील भेदही मराठीत आहे. 'मला डोंगर दिसतो' यात हेतू नाही. 'मी डोंगराकडे पाहतो' यात तो आहे. ऐकू येणे व ऐकणे यांचेही तसेच. याउलट 'उसने' हा एकच शब्द घेणे व देणे या दोहोंबरोबर येत असल्याने 'बॉरो' व 'लेंड' यांत घोटाळा होतो. येथे क्रियेची दिशा विचारावी.

निष्कर्ष : मातृभाषेला केवळ चुकांचे मूळ मानून वर्गाबाहेर ठेवल्यास विद्यार्थ्याजवळचे व्याकरणज्ञान वाया जाते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास तर तेच सर्वांत मोठे भांडवल असते. चुकीखाली लाल रेघ ओढण्यापूर्वी त्याला ते वाक्य मराठीत म्हणावयास सांगावे. पुष्कळदा योग्य क्रियापद तो स्वतःच निवडू शकेल.