पोटरी चालली की रक्त चढते

नवागाम-डिंडोलीतील आपल्या खानदेशी घरांत कोणी ना कोणी यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतोच. पाळी सुटेपर्यंत घोटे सुजतात, पोटरीवर निळ्या शिरा गाठी-गाठींनी फुगतात. आपण त्याला थकवा म्हणतो.

मुठीएवढे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोक्यांत ५ लिटर रक्त रोहिण्यांत ढकलते. ते पायांत सहज उतरते; परत वर चढताना मात्र हृदयाचा जोर फारसा उरलेला नसतो. ते काम पोटरीचे. चालताना तिचे स्नायू आवळले की नीला पिळल्या जातात, आणि नीलांतील झडपा वर गेलेले रक्त खाली येऊ देत नाहीत. (गावी विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आठवावा.) विल्यम हार्वे यांनी १६२८ सालच्या ग्रंथात दंडाला पट्टी बांधून या झडपा दाखविल्या. नुसते उभे राहिले की रक्त तुंबते, शिरा ताणतात, झडपा नीट मिटेनाशा होतात. पुढे घोट्याजवळ लवकर न भरणारी जखम होऊ शकते.

म्हणून मागाजवळ उभ्या-उभ्याच अधूनमधून टाचा दहा-वीस वेळा उचलाव्यात. घरी पाय उशीवर उंच ठेवून पडावे.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मात्र तेल लावून चोळू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाते व जिवावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, पाळी बुडाली तरी.