सूर्याची खरखर ऐकणाऱ्या बायका

मार्चचा दुसरा आठवडा असतो, नाहीतर ऑक्टोबरची सुरुवात. दुपारचे अकरा-बारा वाजलेले असतात. स्वयंपाक आवरून जरा टेकावं, रात्री हुकलेला मालिकेचा भाग बघावा, तर केबलचं चित्र थरथरायला लागतं, चौकोन-चौकोन फुटतं आणि पाच-दहा मिनिटं गायबच होतं! मग केबलवाल्याला फोन. तो म्हणतो, "वहिनी, माझ्या हातात काही नाही, ते सूर्यामुळे आहे." आपल्याला वाटतं, हे नवीनच कारण काढलं बाई यानं.

पण मैत्रिणींनो, तो खरं बोलत असतो. वर्षातून दोनदा, काही दिवस, केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीसमोर उपग्रहाच्या बरोब्बर मागे सूर्य येतो. सूर्य नुसतं ऊन आणि उजेडच पाठवत नाही, तर रेडिओ लहरीही पाठवतो. त्या गोंगाटात उपग्रहाचा नाजूक आवाज बुडून जातो. लग्नात बँड वाजत असताना शेजारी बसलेल्या जावेचं बोलणं ऐकू येऊ नये, तसं.

ही झाली सूर्याची रोजची कुजबुज. कधी कधी मात्र तो चक्क ओरडतो. त्याच्या अंगावरच्या काळ्या डागांजवळ स्फोट होतो आणि काही सेकंद किंवा काही मिनिटं रेडिओ लहरींचा नुसता लोंढा सुटतो. याला म्हणतात सूर्याचा रेडिओ उद्रेक. हे उद्रेक टिपायचे, कागदावर उतरवायचे, त्यांची वेळ लिहून ठेवायची, हे काम जगात ऐंशी वर्षांपासून चालू आहे. आणि त्याच्या अगदी सुरुवातीला दोन बायका आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरची विमानविरोधी रडार यंत्रं दोन-तीन दिवस दिवसाउजेडी बंद पडल्यासारखी झाली. सगळ्यांना वाटलं, जर्मनांनीच काहीतरी केलं. जे. एस. हे नावाच्या शास्त्रज्ञानं (आडनावच 'हे', काय करणार!) ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या, तर हा त्रास जिकडून येत होता ती दिशा सूर्याबरोबर सरकत होती. सूर्यावर तेव्हा एक मोठा डाग होता. युद्ध असल्यामुळे ही गोष्ट गुप्त राहिली.

तीन वर्षांनी न्यूझीलंडच्या रडार केंद्रांवर सूर्य उगवताना आणि मावळताना अशीच खरखर ऐकू आली. ती सूर्याचीच आहे हे तिथे एलिझाबेथ अलेक्झांडर या बाईंनी शोधलं. यांचं बालपण आपल्याकडे, पाटण्यात गेलेलं. वडील तिथे शिकवायला होते. जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आलं तेव्हा तीन लहान मुलांना घेऊन त्या न्यूझीलंडला निघून आल्या. नवरा मागेच राहिला आणि कैदेत पडला. तो जिवंत आहे की नाही याची खात्रीची बातमी नाही, पदरात तीन लेकरं, आणि ही बाई युद्धखात्याच्या प्रयोगशाळेत बसून १९४५ च्या मार्च-एप्रिलच्या नोंदी तपासत होती. नवरा पुढे सुखरूप भेटला. त्या मुळात भूशास्त्राच्या, नंतर त्याच विषयाकडे परतल्या.

दुसरी बाई रुबी पेन-स्कॉट. हिच्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायलाच हवं.

रुबीचा जन्म १९१२ चा, ऑस्ट्रेलियातला. सिडनी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदवी घेतली, काही काळ शाळेत शिकवलं आणि १९४१ मध्ये सरकारी संशोधन संस्थेत रडारच्या कामावर लागली. युद्ध संपताच तीच यंत्रं या मंडळींनी सूर्याकडे वळवली. २६ जानेवारी १९४६ च्या पहाटे डोव्हर हाइट्स या समुद्रकाठच्या कड्यावर रुबीनं सूर्योदयाची नोंद घेतली. युक्ती अशी की सूर्याची लहर एकदा सरळ येते आणि एकदा समुद्राच्या पाण्यावर आपटून येते. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की आवाज लहान-मोठा होतो, आणि त्यावरून तो नेमका सूर्याच्या कुठल्या भागातून येतोय ते काढता येतं. निघालं ते डागांपासूनच! म्हणजे दुसरा महागडा अँटेना घ्यायला पैसे नव्हते, तर समुद्रालाच आरसा केलं. असं आहे त्यातून भागवण्याची कला आपल्याला काही नवी नाही.

पण तिचं मला सगळ्यात आवडलेलं काम पुढच्या वर्षीचं. ८ मार्च १९४७ ला एक प्रचंड उद्रेक झाला. रुबी आणि तिचे सहकारी तीन वेगवेगळ्या सुरांवर कान लावून बसले होते. उद्रेक आधी वरच्या सुरात ऐकू आला, काही मिनिटांनी मधल्या, आणि मग खालच्या सुरात. हे असं का झालं असेल?

आता हंडा आठवा. टँकर आल्यावर अंधारात हंडा भरायला लावला की आपण आत डोकावून बघतो का? नाही. आवाज चढत जातो आणि पाणी गळ्यापर्यंत आलं हे कानाला कळतं. पाणी कुठवर आलंय ते सूर सांगतो. सूर्याचंही तसंच, फक्त उलटं. त्याच्या पृष्ठभागाजवळचं वातावरण दाट, तिथला सूर वरचा. जसजसं वर जावं तसं ते विरळ, सूर खालचा. म्हणजे सूर उतरत गेला याचा अर्थ सूर्यातून काहीतरी सुटून बाहेर झेपावत होतं. मिनिटांचा हिशेब करून त्यांनी त्याचा वेगही काढला, सेकंदाला पाचशे किलोमीटरहून जास्त. जालना ते मुंबई हे अंतर सेकंदाच्या आत! पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्यावरून काय उडालं ते या माणसांनी केवळ आवाज ऐकून सांगितलं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

अशा हळूहळू उतरणाऱ्या उद्रेकांना पुढे 'दुसरा प्रकार' म्हणू लागले. काही सेकंदांत सरकन उतरणारा तो 'तिसरा प्रकार'. त्यात प्रकाशाच्या साधारण एकतृतीयांश वेगानं इलेक्ट्रॉन पळत असतात. या प्रकारावरही रुबीनं पुष्कळ काम केलं. मग सिडनीजवळच्या पॉट्स हिल या ठिकाणी पाण्याच्या मोठ्या तलावाकाठी तिनं आणि अ‍ॅलेक लिटल या सहकाऱ्यानं असं यंत्र उभं केलं की उद्रेक होत असतानाच तो कुठून कुठे सरकतोय ते दिसावं. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे जवळजवळ सिनेमाच.

आणि इथे तिच्या लग्नाचा विषय येतो.

ऑस्ट्रेलियात तेव्हा नियम होता की सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की तिची कायम नोकरी गेली. रुबीनं १९४४ मध्ये लग्न केलं आणि ते लपवून ठेवलं. सहा वर्षं! मंगळसूत्र लपवून ऑफिसला जावं तसंच म्हणा ना. १९५० मध्ये बोभाटा झाला. तिला कायम नोकरीवरून काढून हंगामी केलं, पेन्शनचा हक्क गेला. तिनं वरपर्यंत पत्रं लिहून भांडण मांडलं, पण नियम तो नियम. १९५१ मध्ये दिवस गेले तेव्हा तिनं राजीनामा दिला. बाळंतपणाची रजा असा प्रकारच नव्हता. एकोणचाळीस वर्षांची होती ती. पुढे मुलं मोठी केली, १९६३ पासून शाळेत शिकवलं, पण सूर्याकडे परत फिरली नाही. मुलगा नामांकित गणिती झाला, मुलगी नामांकित कलावंत. रुबी १९८१ मध्ये गेली. तो नियम ऑस्ट्रेलियानं १९६६ मध्ये रद्द केला.

"तिकडंही असंच?" असं म्हणून आपण सुटलो असं नाही बरं का. आपल्या परराष्ट्र सेवेतही बाईला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. त्याविरुद्ध सी. बी. मुथम्मा या अधिकारी बाई सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ मध्ये कोर्टानं सरकारला चांगलंच सुनावलं.

रुबीनं पॉट्स हिल सोडलं त्याच सुमारास तिथल्या तलावाकाठी दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या ओळीनं उभ्या केल्या. त्याही सूर्यासाठीच. १९५३ मध्ये तिथे आपला एक तरुण शिकायला गेला, गोविंद स्वरूप. काही वर्षांनी त्या तबकड्यांचं काम संपलं, त्या मोडीत निघणार होत्या. स्वरूप म्हणाले, आम्हाला द्या! मिळाल्याही. आधी त्या दिल्लीला येऊन पडून राहिल्या. मधल्या काळात स्वरूप अमेरिकेत गेले. तिथे सूर्याच्या उद्रेकांच्या नोंदी बघताना त्यांना एक वेगळाच उद्रेक सापडला. सूर खाली जाऊन पुन्हा वर वळणारा, नोंदीत उलट्या 'यू' अक्षरासारखा दिसणारा. मग होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं आणि १९६५ मध्ये त्याच जुन्या ३२ तबकड्या आपल्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. भारतातली ही पहिली मोठी रेडिओ दुर्बीण, आणि तिनंही आधी बघितला तो सूर्यच.

कल्याणनंतर स्वरूप यांनी उटीची दुर्बीण बांधली आणि मग नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी'. प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. इतक्या सगळ्या तबकड्यांच्या नोंदी गणितानं एकत्र करून एकच चित्र काढायचं, ही कल्पना १९४७ च्या ज्या निबंधात मांडलेली आहे त्याच्या तीन लेखकांत रुबी पेन-स्कॉट आहे. स्वरूप २०२० मध्ये पुण्यात वारले. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेतल्या सुरजित मंडल, दिव्य ओबेरॉय आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या नोंदींतून दाखवलं की सूर्य शांत असतो तेव्हाही त्यावर अगदी बारीक-बारीक उद्रेक सगळीकडे होत असतात.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. मे १९६७ मध्ये अमेरिकेची उत्तरेकडची तीन रडार केंद्रं एकदम निकामी झाली. रशियानंच केलं म्हणून विमानं सज्ज होऊ लागली होती. सूर्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसांनी वेळेत सांगितलं की हा रेडिओ उद्रेक आहे, म्हणून निभावलं. डिसेंबर २००६ मधल्या एका उद्रेकात जीपीएसची यंत्रं गोंधळली. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्वीडनला विमानांची वाहतूक थांबवावी लागली. शिवाय रेडिओ लहर आठ मिनिटांत पोचते, पण सूर्यानं फेकलेला मालमसाला यायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे ही खरखर आधी येऊन दारावर थाप देते. मे २०२४ मध्ये असं वादळ आलं तेव्हा लडाखमध्ये आकाश लाल झालं आणि अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबले. आमचा जालना बियाण्यांचा जिल्हा. पेरणी थांबणं म्हणजे काय हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

आता ही नोंद ठेवायला फार मोठं यंत्रही लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं 'कॅलिस्टो' नावाचं छोटं यंत्र टीव्हीतल्या ट्यूनरवर चालतं. जगभर ठिकठिकाणी ते लावलंय, आपल्याकडे उटीला आणि कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला आहे. तिथले अँटेना म्हणजे पूर्वी आपल्या गच्चीवर दूरदर्शनसाठी असायचे तसेच, काठीला आडव्या कांड्या. फक्त भोवताली शांतता हवी. जालन्यात एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांशेजारी बसवलं तर सूर्याऐवजी भट्टीच ऐकू यायची!

खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, मोठी जत्रा भरते. शाळेच्या गाड्याच्या गाड्या येतात. मी इथे मुलींचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते. गेल्या वेळी पंधरा मुलींना घेऊन गेले. रात्री जालन्याहून निघालो, नगरला चहा, आळेफाट्याला उजाडलं. त्या तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत, आरपार आभाळ दिसतं. मुली मान वर करून बघतच राहिल्या. येताना गाडीत मी रुबीची गोष्ट सांगितली. एका मुलीनं विचारलं, "काकू, पण तिला कामून काढलं? तिचं काम तर चांगलं होतं ना?" मला काही उत्तर सुचलं नाही. नियम होता, एवढंच म्हणाले. दुसरी म्हणाली, "मग लपवलं ते बरंच केलं की." सगळ्या हसल्या. विचारणारी मात्र हसली नाही.

का हसली नाही, ते आठ दिवसांनी कळलं. तिला अकरावीतून काढून लग्न लावायचं घरात चाललं होतं. वय सतरा. घरचे ऊसतोडीला जातात, मागे वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्यांची काळजी मी खोटी म्हणणार नाही. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या भागातली किती घरं कुलपं लावून जातात ते मी बघते. अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा आहे, हेही मी स्पष्ट सांगितलं. पण कायदा सांगून माणूस गप्प होतो, पटतंच असं नाही. मग वसतिगृहाचं बोलले, सुट्टीत पोरगी माझ्याकडे राहील म्हणाले. तिची आई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. शेवटी तीच म्हणाली, "तिला त्या तबकड्यांचं लई वेड लागलंय, वहिनी. वहीत सूर्याचं काहीबाही लिहित बसती."

वही मी बघितली. मार्चमधल्या नऊ दिवसांच्या नोंदी. शेजारच्या घरातल्या केबलवर चित्र किती वाजता फुटलं, किती वाजता परत आलं, सेकंदासकट. एका दिवसापुढे लिहिलं होतं, 'ढग होते, तरी गेलं.'

वडील "बघू, वहिनी" म्हणाले. बारावीच्या अर्जावर त्यांची सही झाली आहे.