कालचा डोंगर, आजचा डोंगर

माझं माहेर महाड तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. त्या रात्री इथे दुबईत मी आईला फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे: डोंगर हलतोय हे आधी कळत नाही का?

शाळेत शिकवत असताना मुलांचा आवडता खेळ होता, ‘दोन चित्रांतले फरक ओळखा’. रडार उपग्रह तोच खेळ जमिनीशी खेळतात. ते स्वतः लहरी सोडतात आणि परतलेल्या लहरी टिपतात, त्यामुळे त्यांना रात्र आणि ढग आड येत नाहीत. काही दिवसांनी त्याच वाटेने येऊन ते पुन्हा चित्र घेतात. जाळीचे दोन पडदे एकावर एक धरून एक किंचित सरकवला, की नक्षी उमटते ना? तशीच या दोन नोंदी जुळवल्या की पट्टे उमटतात. त्यावरून जमीन किती खचली, हे सेंटीमीटरमध्ये, आणि बऱ्याच नोंदी असतील तर मिलिमीटरमध्येही सांगता येतं.

आपल्या अल ऐनजवळच्या अल वगन भागात शेतीसाठी भूजल उपसल्याने जमीन खचत असल्याचं याच पद्धतीने दिसलं. चालताना कुणाच्या पायाला ते जाणवलं नसतं.

सह्याद्रीत मात्र गर्द झाडी आडवी येते. आखूड लहरी पानांतच अडकतात. म्हणून ‘निसार’ या इस्रो आणि नासाच्या उपग्रहावर सुमारे २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरींचंही रडार आहे. त्या पानांमधून बऱ्याच खोल जातात. दर बारा दिवसांनी तो त्याच वाटेवर परततो. त्याचं उड्डाण झालं ३० जुलै २०२५ ला. तारीख वाचून मी थबकले. बरोबर अकरा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ ला, माळीण डोंगराखाली गाडलं गेलं होतं. दीडशेवर माणसं गेली. बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने तो आला आणि पाहतो तर गावच नाही!

उपग्रहाने सगळं कळेल असं नाही. हळूहळू सरकणारा उतार त्याला दिसतो, पण मुसळधार पावसात क्षणात सुटणारी दरड दोन फेऱ्यांच्या मध्येच येऊन जाते. तिथे लागतो तो गावातला डोळा. उतारावर नवी भेग, कलू लागलेलं झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला, तर घर सोडायचं आणि तलाठ्याला, तहसीलला लगेच कळवायचं.

फरक त्यालाच दिसतो, ज्याला कालचं चित्र आठवतं. आपणही वर्षाकाठी एकदा गावी फेरी मारतोच. मी आता दर सुट्टीत आमच्या अंगणातल्या तुळशीपाशी उभी राहून डोंगराचा एक फोटो काढते, नेहमी त्याच जागेवरून. आई हसते, पण आता दर रविवारी फोनवर डोंगराचं तीच आधी सांगते.