अवकाश स्थानकाच्या सांध्यात लोखंडाचा चुरा आला कुठून?

ऑक्टोबर २००७. रमजान संपता संपता मलेशियाचे डॉक्टर शेख मुजफ्फर शुकोर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले आणि त्यांची ईद तिथंच झाली. ती बातमी अनेकांना आठवत असेल. त्याच सुमारास जमिनीवर नासाचे इंजिनियर मात्र वेगळ्याच काळजीत होते.

स्थानकाला वीज मिळते ती सौरपंखांतून. स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, त्यामुळे पंखांचं तोंड सूर्याकडे राहावं म्हणून ते सतत फिरवावे लागतात. हे काम डाव्या-उजव्या बाजूचे दोन मोठे सांधे करतात. प्रत्येक सांध्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं पोलादी कडं असतं आणि त्याला चाकांचे १२ संच घट्ट धरून ठेवतात.

उजवा सांधा बसवून जेमतेम काही महिने झाले होते. तरी तो फिरताना थरथरायला लागला, मोटरला करंटही जास्त लागायला लागला. आपल्या घरचा पंखा घरघरला की आपण खाली उतरवून बघतो. इथे बघायचं तर स्पेससूट घालून बाहेर पडावं लागतं!

२८ ऑक्टोबरला डॅनियल तानी बाहेर गेले. आच्छादन उघडलं तर आत धातूचा चुरा पसरलेला. त्यांनी तो चिकटपट्टीवर गोळा केला. आधी संशय होता की बाहेरचं उष्णतारोधक आच्छादन कुठेतरी घासत असेल. पण स्थानकात चुऱ्याजवळ लोहचुंबक नेलं तर चुरा हलला. म्हणजे तो आच्छादनाचा नाही, पोलादाचा. सांधा स्वतःलाच खात होता. दोन दिवसांनी स्कॉट पॅराझिन्स्की यांनी डावा सांधा उघडला. तो अगदी स्वच्छ. मला तरी सगळ्या तपासात ही तुलनाच सर्वांत शहाणपणाची वाटते. नुसता बिघडलेला भाग बघत बसलं असतं तर डिझाइनलाच दोष देऊन मोकळे झाले असते.

दरम्यान उजवा पंख बहुतेक वेळ एका जागी थांबवून ठेवावा लागला. युरोप आणि जपानच्या प्रयोगशाळा जोडायच्या होत्या, त्यांना वीज पुरणार कशी, हा खरा घोर होता. डिसेंबरात तानी आणि पेगी व्हिटसन पुन्हा बाहेर गेले आणि चाकांचा एक संच काढून आणला.

पृथ्वीवरच्या तपासणीत उत्तर साधं निघालं: वंगण कमी पडलं. निर्वातात साधं तेल टिकत नाही, म्हणून चाकांवर सोन्याचा पातळ मुलामा होता. तो नीट धरला नाही. घर्षण वाढलं, चाकं तिरकी होऊन कडेनं दाबायला लागली, आणि कड्याचा वरचा कठीण थर तडकून त्याचे टवके निघाले.

नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळवीरांनी चार वेळा बाहेर जाऊन चुरा पुसला, चाकांचे संच बदलले, अवकाशात चालणारं खास ग्रीस भरलं. त्यात एक ग्रीस गन फुटून पिशवीभर ग्रीस झालं. हायडमरी स्टेफनिशिन-पायपर ते पुसत असताना पिशवीच हातातून निसटून तरंगत निघून गेली. मग सोबत्याकडच्या अवजारांवर दोघांनी काम भागवलं.

डावा सांधा ठणठणीत होता, तरी त्यालाही त्याच फेरीत ग्रीस लावलं.